इंटरव्हलला उठायचं नाही

पिक्चर पाहून परत येताना वाटेत त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, असा आमच्या घरचा कायदा होता. टॉकीज स्टेशनाच्या बाजूला आणि घर राजवाड्यामागच्या गल्लीत. म्हणजे चांगला अर्धा तास चालायचं, आणि तोंडाला कुलूप. पोटात मत नुसतं उकळत असायचं. मला राग पटकन येतो आणि आला की तो जिभेवरच येतो, हे आधीच सांगून ठेवते. तेव्हा हा अर्धा तास मी कसा काढत असेन, ते माझं मला ठाऊक.

घरी आल्यावर पाय धुवायचे. अम्मा कॉफी करायची. प्रत्येकाच्या हातात टंब्लर आला की अप्पा भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि म्हणायचे, "हं. आता सांगा."

सांगायचं ते धाकट्यापासून. मोठा आधी बोलला की लहानाचं मत आटून जातं, असं अप्पांचं म्हणणं. म्हणून पहिला माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मग मी, मग अम्मा आणि शेवटी अप्पा. नुसतं चांगला होता, वाईट होता, हे चालायचं नाही. काय खटकलं ते सांगायचं, आणि शेवटी "मी असतो तर" म्हणून आपण त्या जागी काय केलं असतं तेही सांगायचं. आणि सगळं मराठीत. पिक्चर तमिळ, गाव तमिळ, पण मत मराठी. बोलताना एक जरी तमिळ शब्द आला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तुम्ही म्हणाल, कसला हा जुलूम! मीही तेच म्हणायची. पण अप्पांचं दुखणं वेगळं होतं. ते ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून. रोज बसने जायचे-यायचे, दिवसभर तमिळ लिहायचे. गल्लीत आमच्यासारखी मराठी घरं होती, पण पोरं दारात तमिळच बोलायची आणि भांडायचीही तमिळमध्येच. मराठी उरली होती ती जेवायला वाढण्यापुरती. "वाढ, पुरे, ये, जा, नीज. एवढ्यावर कुठली भाषा जगते होय?" अप्पा म्हणायचे. "पिक्चरात बघ, अस्की असतं. प्रेम असतं, खून असतो, कोर्ट असतं, सासू असते. ते सांगायला बसलं की शब्द लागतात." अस्की म्हणजे सगळं. तिकडच्या, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या मराठीत हा शब्द आता कोणी बोलत नाही, आमच्याकडे अजून आहे. देवनागरी मी तिशी उलटल्यावर शिकले आणि पुस्तकं वाचून वाचून माझी भाषा बरीचशी तिकडची झाली. भांडताना मात्र अजून आमचीच येते.

अम्माचं मत म्हणजे करमणूक असायची. सगळं टॉकीज हुंदके देत असलं तरी तिचं लक्ष त्या घरातल्या भांड्यांकडे. "त्या बाईला चार पोरं, नवरा पळालेला, आणि घरात पाणी कुठून येतंय ते एकदाही दाखवलं नाही. मी असते तर आधी पाणी भरून घेतलं असतं, मग रडले असते." गाणी मात्र तिला लागायचीच. गाणी नसलेला पिक्चर म्हणजे मिठाशिवायचा भात.

माझी मतं कडक. नायिका रडायला लागली की माझं डोकं फिरायचं. "अक्कल नाही तिला," इथून माझी सुरुवात. मी असते तर त्या सासऱ्याला असं सुनावलं असतं, त्या इन्स्पेक्टरच्या अशी कानाखाली दिली असती. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच एखादा शब्द पसंत पडला तर "बेष!" म्हणायचे. त्या एका बेषसाठी मी आठवडाभर शब्द जमवत असे.

आणि भाऊ. त्याला मराठी सगळी कळायची, पण बोलायचं म्हटलं की जीभ अडायची. "मुलगा शहरात आला. मारामारी झाली. सगळे रडले." संपलं मत. त्या तीन वाक्यांतही कुठेतरी तमिळ शब्द घुसायचा आणि अप्पा बोट वर करायचे. पुन्हा पहिल्यापासून. "मुलगा शहरात आला..." एकदा तर त्याला इतक्या वेळा मागे नेलं की कॉफीवर साय धरली आणि तो रडकुंडीला आला. मीच शेवटी ओरडले, "सोडा ना त्याला, अप्पा!" अप्पांनी सोडलं नाही.

पण खरी गंमत होती त्याच्या "मी असतो तर"ची. पिक्चर कुठलाही असो, भाऊ एकच सांगायचा: "मी असतो तर घरी गेलो असतो."

शहरात नोकरी मिळत नाही, घरी जायचं. मुंबईत गुंड मागे लागलेत, घरी जायचं. मुलगी नाही म्हणाली, घरी जायचं. अप्पा कपाळाला हात लावायचे. "अरे, दुसऱ्या रिळातच तो घरी गेला तर पिक्चर कसा होणार?" भाऊ टंब्लरमध्ये बघत बसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणायचा.

आणखी एक कायदा राहिला. पिक्चर कितीही रद्दी असो, इंटरव्हलला उठायचं नाही. अर्धा पिक्चर पाहून मत देणं म्हणजे लबाडी, असं अप्पा मानत. एकदा एका पिक्चरला सगळं टॉकीज रिकामं झालं आणि आम्ही चौघंच शेवटपर्यंत बसलो होतो. बाहेर पडून चालायला लागल्यावर अप्पा म्हणाले, "आता याला वाईट म्हणायचा आपल्याला अधिकार आहे." हे वाटेत बोलले, म्हणून अम्मानं त्यांना दटावलं.

मग ती वर्षं आली. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ उघडला. घराघरांवरून केबलच्या वायरी गेल्या. पोरांच्या हातात कॉम्प्युटर क्लासची चोपडी दिसायला लागली. भावानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि पुण्याकडे परदेशी कंपनीशी जोडणी झालेल्या एका मोटारीच्या भागांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली.

पुणे! अप्पांना झालेला आनंद मी कसा सांगू? पगार, हुद्दा हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी आपली माणसं तिकडून इकडे आली, आणि आता आपलं पोर परत तिकडे चाललं, एवढंच त्यांनी धरलं. कचेरीत पेढे वाटले. गल्लीत ज्यांना सांगितलं त्यांनाच पुन्हा सांगितलं. "तिथं काय, अस्के आपलेच," ते भावाला म्हणायचे. "रिक्षावाला मराठी, वाणी मराठी, साहेब मराठी. तुझी जीभ सुटेल बघ तिकडे." भाऊ मान हलवायचा. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत अप्पा खिडकीशी उभे राहून त्याला काय सांगत होते, तर तिकडे टॉकिजात मराठी पिक्चर लागतात ते बघ, आणि मत देत जा.

रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन बूथवर यायचा. बूथवाल्यांनी तेवढी मेहेरबानी ठेवली होती. आम्ही तिघं साडेनवालाच जाऊन बसायचो. काचेच्या त्या खोक्यात दोन माणसं जेमतेम मावायची. अप्पा रिसीव्हर धरायचे, मी त्यांच्या कानाशी कान लावायची आणि अम्मा काचेबाहेर उभी राहून आमच्या तोंडाकडे बघायची. अप्पांनी त्याला "कसा आहेस" असं कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: "काय पाहिलास?"

पहिले दोन-तीन महिने भाऊ एखाद्या पिक्चरचं नाव सांगायचा आणि आपली तीन वाक्यं म्हणायचा. मग "या आठवड्यात वेळ नाही झाला" सुरू झालं. आवाज बारीक झाला होता. जेवण बरं आहे, खोली बरी आहे, लोक बरे आहेत. सगळंच बरं. मला त्या बरं-बरंचा संशय यायला हवा होता, पण मी तेव्हा तिरुवैयारूच्या शाळेत शिकवायला नवीन लागले होते आणि माझ्याच फुशारकीत होते. अप्पा गल्लीत सांगत फिरायचे, "पोराला वेळ नाही मिळत हो, मोठी कंपनी आहे."

असाच एक रविवार. अप्पांनी विचारलं, "काय पाहिलास?"

 भाऊ म्हणाला, "एक पिक्चर पाहिला. मराठी."

अप्पांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. डोळे असे चमकले त्यांचे! रिसीव्हर जरा कलता केला, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"सांग. सावकाश सांग."

"एक मुलगा आहे," भाऊ म्हणाला. "लांबून येतो. घरच्यांनी सांगितलेलं असतं, तिथं अस्के आपलेच आहेत."

"हं."

"तो बोलतो, तर लोक हसतात. वाईट नाहीत लोक. नुसते हसतात. 'परत म्हण, परत म्हण' म्हणतात. दुसऱ्यांना बोलावून आणतात ऐकायला. तो परत म्हणतो. मग पुन्हा हसतात."

"मग?"

"मग तो बोलायचं बंद करतो. इंग्लिश बोलतो. साहेब विचारतात, तू मद्रासी ना? तो हो म्हणतो. कँटीनला सगळे जेवून गेले की मग जातो. तिथला वाढणारा रोज त्याच्यासाठी डाळ गरम करून देतो, पण त्याच्याशीपण हा बोलत नाही. रविवारी दिवसभर खोलीत बसतो. भिंतीवर एक पाल आहे, तिच्याशी बोलतो. आपल्या मराठीत."

एकही तमिळ शब्द नाही. अडखळत नव्हता, थांबत नव्हता. इतकी वाक्यं सलग मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. आणि सांगायला लाज वाटते, मी त्या वाक्यांचंच कौतुक करत होते. वाटलं, जीभ सुटली खरी.

काचेबाहेरून अम्मा खुणा करत होती. मी दार किलकिलं करून सांगितलं, पिक्चर सांगतोय. ती आत वाकून ओरडली, "गाणी कशी आहेत विचार!"

ते त्याला ऐकू गेलं. "गाणी नाहीत, अम्मा," तो म्हणाला.

"शेवट?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. मला ते तेव्हा कळलं नाही.

"शेवट पाहिला नाही, अप्पा. इंटरव्हललाच उठावंसं वाटतंय."

आता मतं. क्रमानं त्याचं झालं, पुढचं माझं. मी अप्पांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि नेहमीसारखी सुटले. "अक्कल नाही त्या मुलाला! लोक हसले म्हणून काय झालं? भित्रा कुठला! मी असते तर दुप्पट मोठ्यानं बोलले असते. हसा म्हटलं असतं, हसा किती हसायचं ते! आणि इंटरव्हलला उठायचं काय कारण? असं कधी करतो का आपण?"

 तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. जरा ओला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.  जीभ हासडून टाकावी असं म्हणतात ना, तसं झालं मला. काहीतरी बोलावं, सावरावं, तर नेमकं त्याच वेळी माझ्यापाशी एकही शब्द नव्हता, ना मराठी ना तमिळ. अप्पांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. रागानं नाही, हळूच.

ते काय बोलणार, याची मला भीती वाटत होती. कचेरीतले पेढे डोळ्यांपुढे आले. गल्लीत वर मान करून चालणारे अप्पा आले. या माणसानं तीन-तीन तास रद्दी पिक्चर बघितले होते, पण मध्येच उठला नव्हता. रिसीव्हर कानाला लावून ते काचेतून बाहेर, रस्त्यावर बघत उभे राहिले. समोरून सायकलवर केळीच्या पानांचा भारा घेऊन एक माणूस गेला. तो पुढच्या वळणाला दिसेनासा झाला.

मग त्यांनी घसा साफ केला. मत द्यायच्या आधी करायचे तसाच.

"मी असतो तर," अप्पा म्हणाले, "घरी गेलो असतो."

तिकडे भाऊ रडत होता, आता लपवतही नव्हता. रडता रडता त्यानं विचारलं, "मग पिक्चर कसा होणार, अप्पा?"

"नाही झाला तर नाही झाला," अप्पा म्हणाले.

बूथमधून बाहेर आल्यावर अम्मानं विचारलं, "कुठला पिक्चर पाहिला म्हणे?" अप्पांनी वाटेत उत्तर दिलं नाही. घरी आले, पाय धुतले आणि तिला आत नेऊन सांगितलं. मी मागच्या अंगणात दगडावर बसून होते.  मग अम्मा बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "त्याची खोली झाडून ठेव. आणि जरा तोंड सांभाळत जा बाई, सगळेच पिक्चर पिक्चर नसतात." मी एरवी उलट बोलले असते. त्या दिवशी मुकाट्यानं केरसुणी घेतली.

पुढे खूप वर्षांनी मी भावाला विचारलं, सरळ सांगितलं का नाहीस तेव्हा? आम्ही काय खाल्लं असतं तुला? तो म्हणाला, "कसा आहेस असं विचारलं असतं, अक्का, तर बरा आहे म्हणालो असतो. अप्पा विचारायचे, काय पाहिलास. जे पाहिलं ते सांगितलं." आणि माझ्या मताचं? मी भीत भीत विचारलं. तो हसला. "तुझं मत ऐकून बरं वाटलं. म्हटलं, घरात सगळं जिथल्या तिथं आहे." मला त्यानं असं सोडून दिलं, पण मी स्वतःला अजून पुरतं सोडलेलं नाही.

महिन्याभरानं, कारखान्याची नोटीस पुरी करून तो आला. सकाळची गाडी होती. अप्पांनी त्या दिवशी रजा टाकली होती. मी मनात म्हणत होते, आता स्टेशनवर कोण कोण भेटेल, काय काय विचारतील, अप्पा काय सांगतील. भेटलेच गल्लीतले एक गृहस्थ. "काय, पोरगं सुट्टीवर आलं वाटतं?" अप्पा म्हणाले, "नाही. राहायला आलं." आणि भावाच्या हातातली ट्रंक स्वतःच्या हातात घेतली.

भाऊ वाळला होता. गालाची हाडं वर आली होती. त्याला बघून मला रडू फुटलं, म्हणून मी त्याच्या केसांवरून त्याला बोलले, काय हे जंगल वाढवलंय म्हणून. तो कसनुसं हसला. त्यानं एकदा तोंड उघडलं, "अप्पा, मी..." अप्पांनी बोट वर केलं. वाटेत नाही. आम्ही तिघं चालत निघालो. टॉकीजवरून गेलो, तिथं नव्या पिक्चरचा कटआउट उभा करायला बांबू बांधत होते. राजवाड्याची भिंत आली, गल्ली आली. अर्धा तास कोणी एक अक्षर बोललं नाही. पण मला तो अर्धा तास पहिल्यांदाच बरा वाटला. भाऊ हळूहळू अप्पांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागला होता.

घरी आल्यावर त्यानं पाय धुतले. अम्मानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि आत जाऊन कॉफी केली. चार टंब्लर आले. अप्पा भिंतीला पाठ टेकून बसले. भाऊ समोर बसला, लहानपणी बसायचा तिथंच.

"हं," अप्पा म्हणाले. "आता सांग. इंटरव्हलनंतर काय झालं?"

भाऊ सांगायला लागला. फोननंतरचा महिना, शेवटचा दिवस, तो डाळ गरम करून देणारा माणूस, त्याला निघताना पहिल्यांदाच हा आपल्या मराठीत काय बोलला आणि तो कसा न हसता नुसता याचा हात धरून उभा राहिला, ते सगळं. बोलता बोलता त्याला एकटा म्हणायचं होतं तिथं तो "तनिया" म्हणाला. त्याचं त्यालाच कळलं. तो थांबला आणि सवयीनं अप्पांच्या बोटाकडे बघू लागला.

अप्पांचे दोन्ही हात टंब्लरभोवती होते. "पुढे," ते म्हणाले.